८५ चा माल १७५ मध्ये कसा गेला: रबाळे एमआयडीसीतलं एक प्रकरण

बायरचे पैसे बँकेत जमा झाले होते, फाईल बंद करून कपाटात गेली होती, आणि मग फॉरवर्डरची, म्हणजे माल पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटची, डेबिट नोट आली: वाढीव पैसे द्या. अमेरिकेतल्या शेवटच्या टप्प्याचं ट्रकभाडं कोटेशनच्या दुपटीच्या वर गेलं होतं. कारण म्हणून खाली तीनच शब्द होते: ‘रीक्लास, रीवे, इन्स्पेक्शन’, म्हणजे मालाचा वर्ग बदलला, वजन पुन्हा केलं, तपासणी केली. मालकांची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित तीच होती. तिकडचे लोक लुटतात, भांडा त्यांच्याशी.

कारखाना रबाळ्याचा, औद्योगिक पंख्यांचे सुटे भाग बनवणारा. या प्रकरणातला माल म्हणजे इनलेट कोन, पंख्याच्या तोंडाशी बसणारा पत्र्याचा नरसाळ्यासारखा भाग. व्यास साडेएकोणीस इंच, उंची दहा इंच, पावडर कोटिंग केलेला, वजन आठ किलोच्या आसपास. ओहायोतला एक बायर हा माल चाळीस-चाळीस नगांनी मागवतो. व्यवहार डीएपी अटीवर, म्हणजे बायरच्या दारापर्यंतचं भाडं आपल्या माथी. रबाळ्याहून माल न्हावा शेव्याजवळच्या सीएफएसमध्ये (कंटेनर भरायच्या गोदामात) जातो, तिथून एलसीएलने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून, न्यू जर्सी, आणि तिथून ट्रकने ओहायो. पूर्ण ट्रक भरेल एवढा माल नाही, त्यामुळे तो तिकडच्या पार्ट लोडमध्ये जातो. या पार्ट लोडला तिथे एलटीएल म्हणतात, आणि सगळं रामायण या शेवटच्या टप्प्यात घडलं.

एलटीएलचा दर वजनावर असतो, पण नुसत्या वजनावर नाही. मालाला आधी एक वर्ग मिळतो. नॅशनल मोटर फ्रेट ट्रॅफिक असोसिएशन या संस्थेच्या वर्गीकरणात ५० पासून ५०० पर्यंत असे १८ वर्ग आहेत. आकडा जितका मोठा, तितका शंभर पौंडांमागचा दर जास्त. वर्ग ठरवताना चार गोष्टी बघतात: माल किती घट्ट आहे म्हणजे घनता, उचलाठेवीला किती त्रासाचा आहे, इतर मालाबरोबर ट्रकमध्ये कसा बसतो, आणि फुटला-चोरीला गेला तर वाहतूकदाराच्या अंगाशी किती येतं. यातल्या घनतेचं महत्त्व दिवसेंदिवस वाढत चाललंय. १९ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या बदलांत बराच माल सरळ घनतेच्या शिडीवर आणला गेला आणि ती शिडीही ११ पायऱ्यांवरून १३ पायऱ्यांची झाली. आमच्या कोनांना हीच शिडी लागू होती.

शिडी वाचायला सोपी आहे. एका घनफुटात किती पौंड माल बसलाय ते काढायचं. १२ ते १५ पौंड असतील तर वर्ग ८५. १० ते १२ ला ९२.५, ८ ते १० ला १००, ६ ते ८ ला १२५, आणि ४ ते ६ ला एकदम १७५. दोन्ही टोकं बघायची तर ५० पौंडांच्या वर वर्ग ५० आणि १ पौंडाच्या आत वर्ग ४००. जिथे माल हलका होत जातो तिथे पायऱ्या उंच होतात, हे लक्षात घ्या. ८५ वरून ९२.५ ला घसरलात तर चिमटा बसतो. १२५ वरून १७५ ला गेलात तर कंबर मोडते.

मी भाड्याची बिलं तपासायचं काम करतो, म्हणून ही फाईल माझ्याकडे आली. मालकांना भांडणासाठी मुद्दे हवे होते.

कागदपत्रं सांभाळणाऱ्या ताईंशी बोललो तेव्हा पहिला गोंधळ तिथेच कळला. त्यांचं म्हणणं, ‘सर, वर्ग बदलेलच कसा? आपला एचएस कोड तोच आहे, ८४१४९०. शिपिंग बिलावर तोच, इन्व्हॉइसवर तोच, तिकडच्या कस्टम्सनेही काही हरकत घेतली नाही.’ आणि कोडबद्दल त्या शंभर टक्के बरोबर होत्या. पण एचएस कोड हा कस्टम्सचा विषय. वस्तू काय आहे, तिच्यावर ड्युटी किती, एवढंच तो सांगतो. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे आपले वेगळे, अमेरिकेचे वेगळे. ट्रकवाल्याला त्या कोडशी देणंघेणं नसतं. त्याला फक्त एक कळतं: तुमचा माल माझ्या गाडीतली किती जागा खातो आणि त्या जागेत वजन किती. तोच कोन, त्याच कोडचा, एका पॅकिंगमध्ये ८५ असतो आणि दुसऱ्या पॅकिंगमध्ये १७५. ही गोष्ट डोक्यात बसायला वेळ लागतो, कारण आपल्याकडे ‘मालाचा क्लास’ म्हटलं की माणूस टॅरिफचं पुस्तक उघडतो. पॅलेटजवळ टेप घेऊन जात नाही.

मग प्रश्न असा की ८५ हा आकडा आला कुठून? सुरुवातीच्या एका खेपेला फॉरवर्डरने मापं मागितली होती. तेव्हा चाळीस कोन एकात एक घालून, दहा-दहाच्या चार थप्प्या करून एकाच पॅलेटवर बसत. पॅलेट ४८ बाय ४० इंच, जमिनीपासून उंची ५२, वजन ३४० किलो. हिशेब करून बघू. ४८ गुणिले ४० गुणिले ५२, भागिले १७२८ (एका घनफुटातले घनइंच), म्हणजे ५७.८ घनफूट. ३४० किलोचे ७५० पौंड. भागाकार जवळपास १३. वर्ग ८५, अगदी बरोबर. फॉरवर्डरने तो आपल्या साच्यात भरून ठेवला आणि त्यानंतरच्या प्रत्येक खेपेला अमेरिकेतल्या ट्रकच्या बिल ऑफ लेडिंगवर (मालाच्या वाहतूक पावतीवर) आपोआप ८५ आणि ७५० पौंड छापून येऊ लागले. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

मधल्या काळात बायरने फोटो पाठवले होते. एकात एक घातलेल्या कोनांच्या कडा दबलेल्या, काहींचं कोटिंग खरवडलेलं, दोन-तीन तर एकमेकांत असे घट्ट बसलेले की हातोडी मारून सुटे करावे लागले. मालकांनी त्याच दिवशी हुकूम सोडला की यापुढे प्रत्येक कोन स्वतंत्र खोक्यात. बावीस बाय बावीस बाय अकरा इंचाचा पाच प्लायचा पुठ्ठ्याचा बॉक्स तुर्भ्याहून बनवून घेतला. तक्रारी बंद झाल्या, बायर खूश. त्या निर्णयाला दोष देता येत नाही, कारण खराब माल परत घेणं भाड्यापेक्षा महाग पडतं. पण हा निर्णय पॅकिंग खात्यात झाला आणि भाड्याचं खातं बाहेर फॉरवर्डरकडे. दोघांच्या मधल्या भिंतीला खिडकीच नव्हती.

नवी परिस्थिती मी डिस्पॅचच्या मामांबरोबर गोदामात उभं राहून बघितली. पुढची खेप तयार होती. चार खोके एका थरात, असे पाच थर, वीस नगांचं एक पॅलेट. चाळीस नगांची दोन पॅलेट. वजन खोक्यांसकट ३९० किलो. मामांनी त्यांच्या वहीतलं माप दाखवलं: ४८ बाय ४० बाय ५५. मी विचारलं, हे कुठून कुठपर्यंत? म्हणाले, ‘लांबी-रुंदी पॅलेटची, ती ठरलेलीच असते. उंची खोक्यांची. अकरा पंचे पंचावन्न.’

टेप लावला. खोके बावीस इंचाचे, दोन शेजारी-शेजारी म्हणजे ४४ इंच. पॅलेट ४० चं. दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच खोके बाहेर लटकत होते. स्ट्रेच फिल्ममुळे सगळं एकसंध दिसत होतं, म्हणून डोळ्यांना खटकत नव्हतं. खाली लाकडाची पाच इंच उंची मोजलीच नव्हती. खरं माप होतं ४८ बाय ४४ बाय ६०.

आता तिन्ही हिशेब शेजारी ठेवा. कागदावर जात होतं ८५. मामांच्या वहीप्रमाणे दोन पॅलेटचे १२२ घनफूट, ८६० पौंड, घनता ७, वर्ग १२५. खऱ्या मापाने १४६.७ घनफूट, घनता ५.८६, वर्ग १७५. न्यू जर्सीच्या टर्मिनलवर मोजमाप करणाऱ्या यंत्राने नेमकं हेच पकडलं होतं. मोठ्या वाहतूकदारांकडे आता फोर्कलिफ्ट जाता जाता पॅलेटचा फोटो आणि तिन्ही मापं घेणारी यंत्रं असतात. ती सर्वांत बाहेर आलेला बिंदू धरतात. पॅलेट धरतात, टोपी धरतात, वर ठेवलेलं एकच एकटं खोकं असेल तर त्याच्या उंचीपर्यंतचा सगळा चौकोन तुमच्या नावावर लावतात. त्यात लबाडी नाही, नियमच तसा आहे.

आणि ५.८६ म्हणजे ६ च्या किती जवळ! खोके बाहेर लटकले नसते, बाकी सगळं तसंच असतं, तर माप ४८ बाय ४० बाय ६०, घनता ६.४५, वर्ग १२५ वर थांबला असता. एका बाजूचे दोन इंच, दुसऱ्या बाजूचे दोन इंच, आणि मधली अख्खी पायरी गेली.

भांडणाचं काय झालं, ते थोडक्यात सांगतो. आम्ही इन्स्पेक्शन रिपोर्ट मागवला, त्यात फोटो होते, मापं आमच्या टेपशी जुळली. रीक्लासवर लढण्यासारखं काही उरलं नाही. मालकांनी विचारलं, ‘मग पुढच्या वेळी सरळ १२५ लिहून पाठवू का? सगळीच पॅलेट थोडीच मोजतात?’ सगळी नाही मोजत. पण पकडलं तर वाढीव वर्गाच्या भाड्यावर तपासणीचा आकार वेगळा, फॉरवर्डरचा हाताळणीचा आकार आणखी वेगळा. एकदा तुमचं नाव चुकीचं लिहिणाऱ्यांत गेलं की तुमचा माल जास्त वेळा मोजला जातो, हे मी बिलांवरून बघत आलोय. कमी वर्ग लिहून भाडं वाचत नाही, ते फक्त उशिरा येतं.

खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच निघाली. फाईल चाळताना समुद्राच्या प्रवासाचं हाउस बिल ऑफ लेडिंग हाती लागलं. त्यावर सीएफएसने मोजलेलं माप स्वच्छ छापलेलं होतं: ३९० किलो, ४.१५ सीबीएम (घनमीटर). म्हणजे आपल्या न्हावा शेव्याच्या गोदामात कुणीतरी हे पॅलेट नीट मोजलं होतं. एलसीएलमध्ये भाडं सीबीएम किंवा टन, यातलं जे जास्त त्यावर लागतं, म्हणून ते मोजणारच. पूर्वीच्या खेपांत हाच आकडा १.६४ होता. म्हणजे समुद्राचं भाडंही अडीच पट जागेवर गेलं होतं. ताईंनी ते बिल पास केलं होतं, कारण त्या काळात समुद्राचे दर वरखाली होत होते आणि ‘रेट वाढलेत’ हे उत्तर सगळ्यांना पटलं होतं. दर आणि जागा यांचा गुणाकार बिलात एकाच रकमेत येतो. रक्कम बघणाऱ्याला कळत नाही की दोघांपैकी फुगलं कोण. अमेरिकेच्या बिलाने आरडाओरडा केला म्हणून प्रकरण उघडकीला आलं, नाहीतर समुद्राची गळती अजून चालू राहिली असती.

त्याच कागदाने पुढचं कामही सोपं केलं. घनफूट आणि पौंड मामांच्या डोक्यात बसणारे नव्हते, आणि बसवायची गरजही नव्हती. एक पौंड प्रति घनफूट म्हणजे साधारण १६ किलो प्रति सीबीएम. किलोला सीबीएमने भागा, त्याला १६ ने भागा, अमेरिकी घनता तयार. ३९० भागिले ४.१५ म्हणजे ९४, त्याला १६ ने भागलं की पावणेसहा-सहाच्या मध्ये. शिडीवर १७५. जे माप आपण रोज कागदावर लिहितो, त्यातूनच वर्ग निघतो. ८५ हवा असेल तर सीबीएममागे १९२ किलोंच्या वर राहायला हवं. मी मामांना दोनशे सांगितलं. दोनशे लक्षात राहतं आणि थोडी शिल्लकही राहते.

आता मूळ दुखणं. कडा दबल्या नाहीत पाहिजेत आणि जागाही खाल्ली नाही पाहिजे. उपाय कारखान्यातल्याच एका पॅकरने सुचवला, मी नाही. एकात एक घातलेले कोन दबत होते कारण वरच्या कोनाचा भार खालच्याच्या उतारावर पाचरीसारखा बसत होता. भार फ्लँजवर, म्हणजे कोनाच्या सपाट काठावर, घेतला तर? ईपीई फोमची चकती कापून प्रत्येक फ्लँजवर ठेवली, जाडी एवढीच की वरचा कोन खालच्याच्या अंगाला टेकू नये. दहा कोनांमागे नऊ चकत्या, थप्पीची उंची चार इंचांनी वाढली. चार थप्प्यांच्या कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे अँगल, वर प्लायची फळी, आणि पट्ट्या. साडेएकोणीस इंचाच्या दोन थप्प्या शेजारी म्हणजे ३९ इंच, त्यामुळे पॅलेटबाहेर काहीही नाही. जमिनीपासून उंची ५६, वजन ३५५ किलो. ६२.२ घनफूट, ७८३ पौंड, घनता साडेबाराच्या किंचित वर. वर्ग पुन्हा ८५, आणि चाळीस नग पुन्हा एकाच पॅलेटवर.

बायरकडे पाठवण्याआधी पॅलेट कारखान्याच्या टेम्पोत चढवून महापे ते शिळफाटा फिरवून आणलं, तेही पावसाळ्यात. प्रयोगशाळेत कंपन चाचणी करतात म्हणे; आमच्याकडे ती सरकारी खर्चाने रस्त्यावर उपलब्ध आहे. परत आल्यावर पट्ट्या कापल्या, एकेक कोन हाताने उचलून बघितला. सगळे सुटले. एका फ्लँजवर कोटिंगला पट्टीचा व्रण होता, तो अँगल नीट न बसल्यामुळे. तो दुरुस्त केला.

उंचीची मर्यादा मात्र भिंतीवर रंगवून घेतली. ३५५ किलोला ५८ इंचांपर्यंत घनता १२.१ राहते. ५९ झाले की ११.९, म्हणजे ९२.५ चा वर्ग. कुणी वर सॅम्पलचं खोकं ठेवलं, कुणी लाकडाचं जाड पॅलेट आणलं, की गेली पायरी. पॅलेटवर निर्यातीचा उष्णता प्रक्रियेचा आयएसपीएम १५ शिक्का लागतो, म्हणून ते बाहेरून येतं, आणि बाहेरून येणारं पॅलेट दर वेळी त्याच उंचीचं असेल याची खात्री नसते. ५८ इंचांवर लाल रेघ, शेजारी लटकवलेला टेप, आणि पॅलेटच्या दोन बाजूंचे टेपसकट फोटो त्या खेपेच्या फोल्डरमध्ये. फोटोंचा उपयोग दोन्हीकडून होतो: टर्मिनलच्या यंत्राने चुकीचं मोजलं तर तेच आपलं हत्यार.

कागदांच्या बाजूला बदल छोटा होता. फॉरवर्डरच्या साच्यातलं कायमचं ८५ काढायला लावलं. आता ताई प्रत्येक खेपेला पॅकिंग लिस्टमधून पॅलेटवार लांबी, रुंदी, उंची आणि वजन मेलने पाठवतात, आणि ट्रकच्या बिल ऑफ लेडिंगचा मसुदा छापण्याआधी मागवून बघतात. सीएफएसचं माप आलं की पॅकिंग लिस्टशी ताडून बघतात. दोन्हींत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर माल जहाजावर चढायच्या आत सीएचएला (आपल्या कस्टम्स एजंटला) फोन. या पाच टक्क्यांना शास्त्र नाही, तो आम्ही बसून ठरवलेला आकडा आहे.

मोठ्या कंपन्या वाहतूकदाराशी करार करून सगळ्या मालाला एकच वर्ग लावून घेतात, ही सोयही असते. वर्षाला काही खेपा पाठवणाऱ्या रबाळ्याच्या कारखान्याला तो भाव कुणी देत नाही. फॉरवर्डरकडे तसा करार असला तर त्याचा फायदा मिळू शकतो, पण त्यातही घनतेची अट असते का, ते विचारून घ्यायचं.

नव्या पॅकिंगची पहिली खेप ओहायोला पोचली तेव्हा ट्रकचं बिल कोटेशनप्रमाणेच आलं, समुद्राचं १.७६ सीबीएमवर लागलं, आणि बायरने कडांबद्दल काही लिहिलं नाही. मालक म्हणाले, ‘आधीच्या खेपांचं काय?’ आधीच्या खेपांचे पैसे गेले.

आता त्याच बायरने मोठ्या मापाच्या कोनांची चौकशी केलीय. त्यांना मोटरचे पाय आतल्या बाजूला वेल्डिंग केलेले असतात, त्यामुळे ते एकात एक बसत नाहीत. पॅकिंगमध्ये कितीही डोकं लढवलं तरी घनता चार-पाचच्या वर जाणार नाही. ताईंनी या वेळी आधी मापं घेतली, मग सीबीएम काढलं, मग १६ ने भागलं आणि कोटेशनमध्ये सरळ वर्ग १७५ धरून भाडं लावलं. किंमत बघून मालकांनी कपाळाला हात लावला. पाय सुटे पाठवून तिकडे नट-बोल्टने बसवता येतील का, असं डिझाइनवाल्याला विचारलंय. त्याचं उत्तर येईपर्यंत बायरला दोन भाव पाठवलेत: एक दारापर्यंतचा, दुसरा न्हावा शेव्यापर्यंतचा एफओबी, म्हणजे जहाजावर माल चढवून दिला की पुढचं भाडं बायरचं.